शाळा झेडपीची म्हणून ग्रामपंचायतीने एक रुपया द्यायचा नाही, असा नियम खरंच आहे का?

पालक_तिसरीची

नमस्कार. थोडं मोठं लिहितेय पण जाणकारांनी प्लीज पूर्ण वाचून उत्तर द्या, 2 ऑक्टोबर 2025 ला आमची ग्रामसभा आहे आणि त्याआधी मला तयारी करायचीय.

आमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे, पहिली ते चौथी, पट 47, दोन शिक्षक. मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे, माझी धाकटी तिसरीत आहे. दोन खोल्या जुन्या कौलारू आणि एक नंतर बांधलेली स्लॅबची. आता ती स्लॅबचीच खोली जास्त खराब झालीय. एका कोपऱ्यात प्लॅस्टर सुटून आतले गज उघडे पडलेत, गंजून फुगलेत, पाऊस असला की तिथून पाणी ठिबकतं. बाईंनी फरशीवर खडूने रेघ मारून ठेवलीय की रेघेच्या पलीकडे कोणी बसायचं नाही. पोरांच्या पायांनी ती दिवसभरात पुसते, दुसऱ्या दिवशी बाई परत मारतात. जुलै 2025 मध्ये राजस्थानात झालावाड जिल्ह्यात शाळा पडून सात मुलं गेली, ती बातमी बघितल्यापासून आम्हा आयांचा जीव थाऱ्यावर नाही. त्यानंतर शाळांची तपासणी करा असे आदेश आले म्हणून आमच्याकडेही येऊन फोटो काढून नेले पण पुढे काहीच हाललं नाही.

दुसरं म्हणजे लाईट. बिल थकलं म्हणून मीटर काढून नेलाय. दोन वर्षांपूर्वी गावातल्या लोकांनी वर्गणी काढून टीव्ही घेतला होता पोरांना शिकवायला, तो टॉवेल टाकून भिंतीला उभा आहे. मुलींच्या संडासाला दार आहे पण पाणी नाही.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मी उठून विचारलं की ग्रामपंचायतीच्या निधीतून शाळेला काही देता येईल का. सरपंच म्हणाले वहिनी शाळा झेडपीची, इमारत झेडपीची, पंचायतीचा पैसा तिथे लावला तर ऑडिटमध्ये निघतो आणि वसुली माझ्यावर लागते. ग्रामसेवक भाऊसाहेब काहीच बोलले नाहीत. त्याच सभेत देवळासमोर पेव्हर ब्लॉक, गावाच्या वेशीला कमान आणि चौकात हायमास्ट असे तीन विषय पाच मिनिटांत मंजूर झाले. देवळाला माझा विरोध नाही, मी पण त्याच देवळात जाते. पण मागून एकजण बोलला की शाळेत आहेतच किती पोरं, सगळी तर व्हॅनने इंग्लिश मिडियमला जातात, ते फार लागलं. जी 47 आहेत ती शेतमजुरांची, धनगर वस्तीवरची, आमच्यासारख्या कोरडवाहूवाल्यांची आहेत, त्यांच्या आईबापांकडे व्हॅनचे पैसे नाहीत म्हणून त्यांनी गज बघत बसायचं का?

तर खरंच असा नियम आहे का की ग्रामपंचायतीला झेडपीच्या शाळेवर खर्च करता येत नाही? आणि येत असेल तर कुठल्या पैशातून आणि मी सभेत नेमकं काय मागायचं?

---

माजी_सरपंच_घाटमाथा

ताई, मी पाच वर्षं सरपंच होतो म्हणून सांगतो, तुमच्या सरपंचांचं म्हणणं अर्धंच खरं आहे.

खर्च करताच येत नाही हे चूक. 73 व्या घटनादुरुस्तीत पंचायतींसाठी 29 विषयांची यादी दिलीय, अकरावी अनुसूची, त्यात 17 नंबरला शिक्षण आहे आणि प्राथमिक माध्यमिक शाळा असं स्पष्ट लिहिलंय. आपल्या 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यातल्या ग्रामसूचीतही शिक्षण हा विषय आहे. त्यामुळे विषयच आमचा नाही असं कोणी म्हणू शकत नाही.

आता पैसे. मोठा पैसा येतो तो पंधराव्या वित्त आयोगाचा (केंद्राकडून, मार्च 2026 पर्यंत). त्यात 60 टक्के बंधित, म्हणजे निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी, आणि उरलेला 40 टक्के अबंधित. समजा वर्षाला 10 लाख आले तर 6 लाख बंधितमध्ये गेले, हातात राहिले 4 लाख. पण लोकांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे शाळेतलं पिण्याचं पाणी आणि शाळेचं शौचालय हे बंधितमधूनच करता येतं. म्हणजे मुलींच्या संडासाला पाणी द्यायला सरपंचांना त्या 4 लाखाला हात पण लावायला नको. अबंधितमधून पगार आणि ऑफिसखर्च सोडून गावाच्या गरजेची कामं करता येतात.

ऑडिटवाला आक्षेप घेतो तो शाळेवर खर्च केला म्हणून नाही. काम आराखड्यात नव्हतं, ठराव नव्हता, एस्टिमेट नव्हतं, मोजमाप पुस्तकात नोंद नव्हती म्हणून घेतो. हीच चूक पेव्हर ब्लॉकात केली तर तिथेही वसुली लागते.

आता सरपंचांची बाजू पण सांगतो. ते 4 लाख म्हणजे काही फार नाहीत. स्ट्रीटलाईट, गटार, पाणीपुरवठ्याच्या मोटारीचं बिल, प्रत्येक वॉर्डचा मेंबर आपापलं काम घेऊन बसलेला. आणि पेव्हर ब्लॉकसाठी ठेकेदार स्वतः येतो, हेलपाटे घालतो, मेंबरांना भेटतो, एस्टिमेटसुद्धा करून आणतो. शाळेच्या गळक्या स्लॅबसाठी सरपंचाच्या दारात कोणी येऊन बसत नाही. माझ्या पाच वर्षांत शाळेसाठी लेखी मागणी घेऊन आलेले पालक मला हाताच्या बोटावर मोजता येतील. मुख्याध्यापकांची पत्रं यायची पण मुख्याध्यापकाला गावात मत नसतं, हे कडू आहे पण असंच चालतं. पालक आले तर फरक पडतो.

---

खडू_फळा

मी जि.प. शिक्षक आहे, वेगळ्या जिल्ह्यात. पैशाचं गणित आमच्या बाजूने कसं दिसतं ते सांगतो म्हणजे बिल का थकतं ते कळेल.

शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला संयुक्त शाळा अनुदान येतं. 30 पटापर्यंत 10 हजार, 31 ते 100 ला 25 हजार, 101 ते 250 ला 50 हजार, पुढे 75 हजार आणि हजाराच्या वर 1 लाख. म्हणजे तुमच्या शाळेला 25 हजार. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर लावायचे. उरलेल्यात खडू, रजिस्टर, लाईट बिल, इंटरनेट, खेळाचं साहित्य, नळ बिघडला तर नळ, खिडकी मोडली तर खिडकी, रंग, 26 जानेवारीचा झेंडा, सगळं त्यातच. आणि हे पैसे जूनमध्ये येतील तर शपथ. बऱ्याच वेळा फेब्रुवारी मार्च उजाडतो, पैसे शाळेच्या खात्यावर पण नसतात, पोर्टलवर लिमिट येते आणि 31 मार्चच्या आत खर्च दाखवला नाही तर ती परत जाते. म्हणजे जून ते जानेवारी मुख्याध्यापकाने खिशातून चालवायचं आणि वीज कंपनी तर महिन्याच्या महिन्याला बिल मागते, ती मार्चपर्यंत थांबत नाही. पूर्वी शिक्षकांच्या पगाराच्या 4 टक्के सादिल मिळायचं किरकोळ खर्चाला, त्याची वाट बघणं आमच्यातल्या बऱ्याच जणांनी सोडून दिलंय.

25 हजारात स्लॅब दुरुस्त होत नाही, तो विषयच वेगळा.

ताई तुम्ही अध्यक्ष आहात तर एक गोष्ट तुमच्या हातात आहे ती आधी बघा. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 22 वाचा. शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा आणि सरकार किंवा स्थानिक प्राधिकरण जे अनुदान देईल त्याचा आधार तो आराखडाच असेल असं त्यात लिहिलंय. बहुतेक शाळांत हा आराखडा आम्हीच शिक्षक संध्याकाळी बसून फॉर्म भरल्यासारखा भरतो आणि समितीच्या सह्या घेतो, कोणी वाचत नाही. तुम्ही तो मागून घ्या, त्यात गज, मीटर, संडासाचं पाणी हे शब्द आहेत का बघा. नसतील तर समितीची मिटिंग लावा आणि घालून घ्या. समितीत 75 टक्के पालक असतात ते उगाच नाही.

आणि पटाकडे लक्ष द्या. 47 आहे तोवर ठीक. 20 च्या खाली गेला की समूह शाळेच्या (लहान शाळा एकत्र करण्याच्या) यादीत नाव येतं, 2023 मध्ये ते पत्र निघालं तेव्हा राज्यात 14 हजारांवर शाळा त्या पटाच्या निघाल्या होत्या. मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या (पटानुसार पदं मंजूर करण्याच्या) नियमांनी शिक्षकांची पदं पण कमी होतायत. लाईट नाही, छत गळतंय म्हणून पालक पोरं काढतात, पोरं कमी झाली की पोरंच नाहीत तर पैसे कशाला म्हणतात. तुमच्या सभेत मागून जो बोलला त्याला हे शांतपणे सांगा.

---

हिशोबाचं_बोला

मला वरच्या दोघांशी थोडं भांडायचंय, राग मानू नका.

शिक्षण मोफत आणि सक्तीचं देणं ही आरटीईच्या कलम 8 आणि 9 प्रमाणे राज्य सरकार आणि स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे आणि ग्रामीण भागात प्राथमिक शाळा चालवते जिल्हा परिषद. इमारत बांधणं, ती पडणार नाही हे बघणं, लाईट देणं हे त्यांचं काम. तुम्ही ग्रामपंचायतीच्या 4 लाखातून ते करून टाकलंत की झेडपीच्या दुरुस्तीच्या यादीतून तुमचं नाव कटणार, ही शाळा लोकांनी सांभाळली पुढच्या शाळेकडे बघा. मग पुढच्या वेळी पण तुम्हीच.

आणि यात मोठा अन्याय आहे तो कोणी बोलत नाही. ज्या गावाच्या हद्दीत एमआयडीसी आहे, साखर कारखाना आहे, पवनचक्क्या आहेत त्या ग्रामपंचायतीला कर भरपूर येतो, तिथे शाळेला एसीसुद्धा बसेल. ज्या पाड्यावर घरपट्टी वसूल करायची म्हटलं तर घरंच कुडाची आहेत तिथे काय करायचं? लोकसहभागाची उदाहरणं सगळे देतात, शिरूर तालुक्यातलं वाबळेवाडी सगळ्यांना माहितीये, लोकांनी स्वतःची जमीन दिली, पैसे उभे केले, शाळा बघायला महाराष्ट्रातून माणसं जायची. मनापासून कौतुक आहे त्या गावाचं. पण ते पुण्याच्या पट्ट्यातलं गाव आहे, गुंठ्याला भाव आहे, कंपन्या जवळ आहेत. ते उदाहरण मेळघाटातल्या किंवा अक्कलकुव्यातल्या शाळेला देऊन तुम्ही का नाही केलं असं विचारणं बरोबर नाही. 2023 मध्ये सरकारनेच शाळा दत्तक योजना काढली, कंपन्यांनी आणि दानशूरांनी शाळा दत्तक घ्याव्यात म्हणून. सरकारी शाळेला आईबाप असताना दत्तक का द्यायची हा प्रश्न मला तेव्हापासून सतावतोय.

2017 च्या ऑगस्टमध्ये नगरजवळच्या निंबोडीत झेडपी शाळेचं छत कोसळलं, तीन मुलं गेली. त्यानंतर किती बैठका झाल्या, किती वर्गखोल्यांच्या याद्या निघाल्या. पैसा जिल्हा नियोजन समितीकडे असतो, वर्गखोल्या बांधकाम आणि विशेष दुरुस्ती असे हेड असतात, तिथे पालकमंत्री आणि आमदार बसतात. भांडायचं तर तिथे भांडा, बिचाऱ्या सरपंचाशी भांडून काय मिळणार.

---

पालक_तिसरीची

दादा तुमचं म्हणणं मला पटतंय खरंच, सरकारने करायला पाहिजे यात शंका नाही. पण जिल्हा नियोजनच्या मिटिंगला मला कोण बसू देणार? आमच्यापासून जिल्ह्याचं ठिकाण दीड तास, तिथे गेलं तर साहेब दौऱ्यावर. आणि झेडपीत सध्या, 2025 मध्ये, निवडून आलेलं कोणीच नाही, 2022 पासून प्रशासक आहे, पूर्वी आमच्या गटाचे सदस्य होते त्यांना निदान रस्त्यात अडवता यायचं, शिक्षण सभापतींच्या नावाने अर्ज देता यायचा. आता अर्ज टपालात देऊन पोच घ्यायची एवढंच. ग्रामसभा माझ्या घरापासून पाच मिनिटांवर आहे आणि तिथे मला बोलता येतं म्हणून मी तिथून सुरुवात करतेय. गज गंजायचे थांबणार नाहीत ना तोवर.

माजी सरपंच यांच्यासाठी एक प्रश्न, आराखडा म्हणजे कोणता, आणि या वर्षीचा झाला असेल तर गेलीच का संधी?

---

ग्रा_पं_अधिकारी_एक

नोकरीत आहे म्हणून नाव लिहीत नाही. (आमचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात ग्रामसेवकच म्हणतात, चालतं.)

आराखडा म्हणजे ग्रामपंचायत विकास आराखडा, आमचा गाव आमचा विकास मध्ये होतो तो. पुढच्या वर्षाचा आराखडा करायची मोहीम 2 ऑक्टोबरलाच सुरू होते म्हणजे तुमची वेळ अगदी बरोबर आहे. गावागावांत नऊ संकल्पना घेऊन आराखडे करायला सांगतात त्यात बालस्नेही गाव ही एक आहे, शाळेचं काम त्याखाली सहज बसतं. चालू वर्षाच्या आराखड्यात शाळा नसेल तर ग्रामसभेच्या ठरावाने सुधारित आराखड्यात काम घेता येतं. आणि एक लक्षात घ्या, पंधराव्या आयोगाची मुदत मार्च 2026 पर्यंतचीच, बऱ्याच ग्रामपंचायतींच्या खात्यात मागचा निधी अखर्चित पडलेला आहे. तुमच्या सरपंचांना आणि भाऊसाहेबांना सभेत सरळ विचारा की बंधित किती शिल्लक आणि अबंधित किती शिल्लक. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचं नाव टाकून तुम्हाला घरबसल्या मोबाईलवर पण आराखडा आणि खर्च दिसेल. आकडा तुमच्या हातात असला की सभेतली भाषा बदलते, हे मी समोर बसून बघितलेलं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, यात माजी सरपंच आणि हिशोबाचं बोला हे दोघेही बरोबर आहेत पण काम वेगवेगळं आहे.

स्लॅबच्या खोलीवर ग्रामपंचायतीचा पैसा लावू नका. गज उघडे पडून फुगलेत म्हणजे आतून गंज धरलाय, वरून प्लॅस्टर आणि वॉटरप्रूफिंग केलं तर दोन पावसाळे बरी दिसेल आणि आतून तशीच सडत राहील. शिवाय दुरुस्ती केली अशी नोंद झाली की नवीन खोलीचा प्रस्ताव मागे पडतो, हिशोबाचं बोला म्हणतात ते इथे शंभर टक्के लागू आहे. त्या खोलीसाठी समितीचा ठराव करा, मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या की झेडपी बांधकामच्या उपअभियंत्यांकडून तपासणी करून खोली वापरायला योग्य आहे की नाही याचा लेखी दाखला द्या. धोकादायक ठरली तर निर्लेखनाचा (इमारत अधिकृतपणे वापरातून काढण्याचा) प्रस्ताव जातो, निर्लेखन झाल्याशिवाय पाडता येत नाही आणि पाडल्याशिवाय त्या जागी नवी मिळत नाही, त्यात वेळ जातो म्हणून आजच पत्र द्या. दाखला येईपर्यंत ती खोली बंद ठेवा, कुलूप लावा. रेघ मारून भागत नाही ताई, सगळा स्लॅब एकच असतो, रेघेच्या अलीकडचा पण.

ग्रामपंचायतीकडून मागायचं ते असं: संडासाला आणि हात धुवायला पाणी, टाकी, पाइप, हे बंधितमधून. खोली बंद केली की वर्ग कुठे बसवायचा, तर समाजमंदिर किंवा ग्रामपंचायतीचा हॉल शाळेच्या वेळेत द्यायचा, त्याला पैसाच लागत नाही फक्त ठराव लागतो. वीजबिलाची थकबाकी ग्रामनिधीतून, म्हणजे घरपट्टीच्या स्वतःच्या पैशातून भरायला सांगा. आणि पुन्हा थकू नये म्हणून छोटा सोलर संच अबंधितमधून, कौलारू खोलीवर जमत नसेल तर लोखंडी स्टँडवर मैदानाच्या कडेला. शाळेच्या जागेत काहीही उभं करायचं तर शिक्षण विभागाची ना हरकत आणि अभियंत्याचं एस्टिमेट हे दोन कागद फाईलला हवेतच, ते असले की ऑडिटची भीती सरपंचांनी बाळगायचं कारण नाही.

---

गिरणगावकर

गावाकडचं वाचून राहवलं नाही म्हणून मुंबईतून लिहितोय. आमच्याकडे पैशाची अडचण नाही हो. महापालिकेचं 2025-26 चं शिक्षणाचं बजेट 3,955 कोटींच्या आसपास होतं. प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात महापालिकेचा शिक्षण उपकर वेगळा आणि राज्य शासनाचा शिक्षण उपकर वेगळा अशा दोन ओळी असतात. लोकांना वाटतं दोन्ही पैसे मुलांच्या शाळेला जातात, पण राज्याचा उपकर पालिका फक्त गोळा करते आणि सरकारकडे भरते.

पण ते 3,955 कोटी कुठल्या शाळेला किती, कुठली मराठी शाळा बंद, कुठल्या इमारतीत सीबीएसईची पब्लिक स्कूल सुरू, हे ठरवताना मला बोलायला जागा कुठे आहे? मार्च 2022 मध्ये मुदत संपली तेव्हापासून 2025 पर्यंत नगरसेवक नव्हते, शिक्षण समिती नव्हती, सलग बजेटं प्रशासकानेच मांडली आणि प्रशासकानेच मंजूर केली. आमच्या वॉर्डातल्या पालिकेच्या शाळेत मराठीचे वर्ग कमी होत गेले, एकेका वर्गात सात आठ मुलं उरली, त्यावर कुठल्याही सभेत एक तास चर्चा झाली नाही, निदान आम्हाला बसता येईल अशा सभेत तरी नाही. ताई तुमच्याकडे 4 लाखच असतील पण त्यावर उभं राहून हात वर करता येतो, ठराव मांडता येतो, मत देता येतं. एवढ्या मोठ्या शहरात मला तो हक्क नाही. ती सभा सोडू नका.

---

माजी_सरपंच_घाटमाथा

ग्रा.पं. अधिकारी साहेबांनी फोड एकदम बरोबर करून दिली, मी पण खोलीच्या बाबतीत हेच म्हणतो.

सभेबद्दल थोडं. ग्रामसभेची गणपूर्ती (किमान हजेरी) म्हणजे मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यातलं जे कमी असेल ते. माणसं जमली नाहीत की सभा तहकूब होते, तहकूब सभेला मग गणपूर्ती लागत नाही आणि तिथे नवीन विषयही घेता येत नाही. पुष्कळ गावांत असंच चालतं, पहिल्या दिवशी कोणी नाही, दुसऱ्या सभेत दहा पंधरा जण बसून सगळं मंजूर. त्यामुळे दोन गोष्टी करा, एक म्हणजे विषय अजेंड्यावर येण्यासाठी आत्ताच लेखी अर्ज देऊन पोच घ्या, आयत्या वेळच्या विषयावर ठेवू नका. दुसरं म्हणजे ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे. ती बऱ्याच ठिकाणी रजिस्टरमध्येच होते, तुम्ही ती खरोखर भरवा. 47 मुलांच्या आया आणि आज्या आल्या तरी पुरे. महिला सभेत ठराव झाला की दुसऱ्या दिवशी सरपंचांना तो बाजूला ठेवणं जड जातं.

आणि कमान, पेव्हर ब्लॉक यांच्यावर बोलू नका. ते रद्द करा म्हटलं की निम्मं गाव तुमच्या विरोधात जाईल आणि शाळा मागे पडेल. व्हॅनने पोरं पाठवणाऱ्यांनाही नावं ठेवू नका, त्यांच्यातले निम्मे कर्ज काढून फी भरतात, शाळा सुधारली तर त्यातले काही परत येतील, त्यांना तसं बोलवा.

---

हिशोबाचं_बोला

खोली झेडपीकडे आणि पाणी वीज पंचायतीकडे अशी विभागणी असेल तर माझा आक्षेप राहत नाही. फक्त ग्रामसभेच्या त्याच ठरावात एक ओळ घाला की वर्गखोली बांधणं ही जिल्हा परिषदेची जबाबदारी असून ग्रामसभा जिल्हा नियोजन निधीतून नवीन खोलीची मागणी करत आहे, आणि त्याची प्रत गटविकास अधिकारी, शिक्षणाधिकारी आणि आमदारांना. गावाने पदरचं दिलं म्हणून वरच्यांची सुटका होऊ नये.

---

पालक_तिसरीची

खूप आभार सगळ्यांचे. आज शाळेत जाऊन शाळा विकास आराखडा मागितला, बाईंनी लगेच काढून दिला. त्यात इमारतीच्या रकान्यात किरकोळ दुरुस्ती आवश्यक एवढंच लिहिलंय. बाई म्हणाल्या फॉर्ममध्ये तेवढीच जागा होती. शनिवारी समितीची मिटिंग लावलीय, खोली बंद करायचा विषय पहिला घेतोय. पोर्टलवर पण बघितलं, भाचीने काढून दिलं, स्वच्छतेच्या बंधित निधीत शिल्लक दिसतेय, चांगली दिसतेय.

ठरावाचा मजकूर असा केलाय, कोणी सुधारून द्या:

"जि. प. प्राथमिक शाळेतील मुलींच्या स्वच्छतागृहास व हात धुण्याच्या जागेस पाणीपुरवठा करणे हे काम बंधित निधीतून घ्यावे. शाळेच्या वीजबिलाची थकबाकी ग्रामनिधीतून भरून मीटर पुन्हा जोडून घ्यावा. शाळेसाठी सौर संच अबंधित निधीतून घ्यावा. धोकादायक खोलीचा निर्णय होईपर्यंत समाजमंदिर शाळेच्या वेळेत वर्गासाठी उपलब्ध करून द्यावे. नवीन वर्गखोली बांधणे ही जिल्हा परिषदेची जबाबदारी असून ही ग्रामसभा जिल्हा नियोजन निधीतून तिची मागणी करीत आहे."

---

ग्रा_पं_अधिकारी_एक

मजकूर चांगला आहे. प्रत्येक कामापुढे आर्थिक वर्ष लिहा आणि अंदाजे रक्कम टाका, रक्कम नसलेला ठराव पुढे सरकत नाही. बंधित निधी लिहिलंय तिथे पंधरावा वित्त आयोग बंधित, पाणी की स्वच्छता तेही लिहा. वीजबिलाची ओळ वेगळ्या ठरावात घ्या कारण तो स्वनिधीचा खर्च आहे, एकत्र असला तर एका आक्षेपामुळे सगळंच अडकतं. सूचक आणि अनुमोदक ही दोन्ही नावं पालकांची असू द्या. आणि सभा संपल्यावर घरी जायच्या आधी प्रोसिडिंग बुकमध्ये ठराव लिहिला गेलाय का ते स्वतः वाचा, त्यानंतर नकलेसाठी अर्ज करा.